कडप्प्यावरची वाक्यं

“यजमान कोण?” आईनं विचारलं.

शालन पाटावर मांडी घालून बसली होती. समोर भिंतीला टेकवलेला काळा कडप्पा आणि त्यावर आईनं खडूनं लिहिलेलं इंग्रजी वाक्य, इकडून तिकडे पसरलेलं. आई शेजारी बसून मेथी निवडत होती. शालननं ओठ हलवत वाक्य एकदा वाचलं, परत वाचलं, मग गालावर बोट ठेवलं.

“डॉक्टर?”

“डॉक्टर मांडवात कुणाबरोबर आला, ते बघ बरं.”

“पोरगा आजारी हाय, त्याला बघायला आलाय.”

“आणि पोरगा कुणाचा?”

आई एकेक पान खुडत होती. जगात आता कुणालाच कसली घाई नाही, अशा थाटात.

मी मधल्या खोलीत दाराजवळच्या खुर्चीवर पुस्तक उघडून बसले होते. पुस्तकात माझं लक्ष नव्हतं. ते वाक्य मी केव्हाच फोडलं होतं. शेवटी मला राहवेना.

“बाई! पोरगा त्या बाईचा, यजमान ती बाई!” मी आतून ओरडले.

आईनं मान वळवली. “तुला कुणी विचारलं?”

एवढंच म्हणाली आणि शालनकडे वळून मऊ आवाजात पुढं बोलली, “तू बघ गं बाळ. सावकाश.”

बाळ! अठरा वर्षांची घोडी आणि बाळ. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आईची ही मांडवाची युक्ती तिची स्वतःची. ती तासगावात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. तिचं म्हणणं असं, की इंग्रजीतलं लांबलचक वाक्य म्हणजे लग्नाचा मांडव. आत शिरलं की नुसती गर्दी, कोण कुणाचं काही कळत नाही. अशा वेळी बावरून जायचं नाही. दोनच गोष्टी विचारायच्या. यजमान कोण आणि कार्य काय, म्हणजे कर्ता आणि क्रियापद. बाकी सगळे पाहुणे. एकेक पाहुणा गाठायचा, तो कुणाकडून आलाय ते ओळखायचं आणि ओल्या बोटानं पुसून त्याला निरोप द्यायचा. शेवटी यजमान आणि कार्य तेवढं उरलं, की वाक्य सुटलं. फळा म्हणून आमच्याकडे ओटा घातला तेव्हा उरलेला कडप्प्याचा तुकडा होता. त्याच्यावर पुसायलाही सोपं जायचं.

ही सगळी विद्या खरं तर माझ्यासाठी सुरू झाली होती. वडील वीजमंडळात होते, त्या भरात त्यांनी माझं नाव विद्युल्लता ठेवलं आणि मी नावाला जागले, असं घरात सगळे म्हणायचे. चटकन चमकायचं आणि कडाडायचं, दोन्हीही. बारावीनंतर हैदराबादच्या विद्यापीठात जायचं मी ठरवलं होतं. तिथं प्रवेश परीक्षा असायची आणि तिच्यातले इंग्रजी उतारे भल्याभल्यांना पाणी पाजणारे. आई मला दिवाळीपासून शिकवायला बसली आणि आमचं एक दिवस धड पटलं नाही. मी वाक्य वाचता वाचता उत्तर द्यायची. ते निम्म्या वेळा बरोबर यायचं. उरलेल्या निम्म्या वेळा आई म्हणायची, “परत बघ,” आणि माझं डोकं फिरायचं. एका संध्याकाळी तिनं लागोपाठ तीनदा ‘परत बघ’ म्हटलं. मी खडू आपटला.

“मला तुझ्याकडून काही शिकायचं नाही. मेले तरी विचारायला येणार नाही,” मी म्हणाले.

आईनं कडप्पा पुसला आणि कणीक मळायला बसली. अप्पा, म्हणजे माझे वडील, तिची समजूत घालत होते ते मी ऐकलं. “पिकतं तिथं विकत नाही बघ. तू गावच्या पोरी शिकवतीस आणि घरची पोरगी म्हणती, तुला काय येतंय.”

त्यानंतरच्या रविवारी आई माहेरी गेली आणि परतताना शालनला घेऊन आली. शालन माझी मामेबहीण, माझ्याच वयाची. मार्क चांगले, पण गावातल्या शाळेतली, इंग्रजीला बिचकणारी. हातात पत्र्याची ट्रंक, केसांना चपचपीत तेल.

“शालनपण ती परीक्षा देणार आहे. माझ्याकडेच राहील,” आई म्हणाली.

मला त्याचं काही वाटलं नाही, असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. पण पहिल्या दिवशी जे वाटलं ते नुसतं कुरकुरण्यासारखं होतं. माझी कॉट वाटून घ्यावी लागली, आरसा वाटून घ्यावा लागला. खरी आग लागली ती दुसऱ्या दिवशी, आईनं कडप्पा हलवला तेव्हा. एरवी तो मोरीजवळ असायचा. आई आणि शालननं मिळून तो ओढत ओढत समोरच्या भिंतीपाशी नेला, मधल्या खोलीच्या दारासमोर.

“तिथं उजेड बरा येतो,” आई म्हणाली. उजेड तर मोरीपाशीच जास्त होता. माझ्या मनात आलं, हिला माझी जुनी जागासुद्धा शालनला द्यायची नाही. शालनला नवी जागा, नवं सगळं.

आणि मग रोजचा जाच सुरू झाला. शाळेतून आली, चहा झाला, की आई पदर खोचून खडू हातात घ्यायची. शालनला पुढ्यात बसवायची. माझ्या वेळी बोटाएवढी अक्षरं काढणारी आई तिच्यासाठी वीतभर अक्षरं काढायची. बोलायचीही अशी, की गल्लीतल्या लोकांना ऐकू जावं. हातभर अंतरावर बसलेल्या मुलीशी.

“बहिरी आहे का ती?” मी एकदा जेवताना विचारलं.

“तिला सवय व्हायला हवी,” आई म्हणाली आणि शालनच्या ताटात दह्यावरची साय वाढली.

साय माझी. लहानपणापासून ती माझी होती, घरात कुणी तिला हात लावत नव्हतं. शालननं माझ्याकडे पाहिलं, सायीकडे पाहिलं आणि निम्मी साय माझ्या ताटात टाकली. मी ताट सरकवून उठले. ‘आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं’ असं सगळीकडे असतं. आमच्याच घरात म्हण उलटी झाली होती. मला शालनचा हेवा वाटत होता. दिवसभर वाटायचा, झोपेतसुद्धा वाटत असणार. ती सुंदर नव्हती, हुशार तर माझ्यापेक्षा नव्हतीच. तिच्याकडे होती ती फक्त माझी आई.

मी विचारायला जाणार नाही, असं बोलून बसले होते. मग खुर्ची दाराजवळ नेली. आधी खोलीच्या मध्यावर होती, मग जरा अलीकडे, मग चौकटीला लागून. हातात पुस्तक आणि कान, डोळे सगळे स्वयंपाकघरात. आई तिला काय देते ते मला बघायचं होतं. अगदी शब्दन् शब्द. ‘सावकाश’ किती वेळा म्हणाली, ‘बाळ’ किती वेळा म्हणाली, ‘शाब्बास’ कशावर म्हणाली. शालन चुकावी म्हणून मी मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसायची. तिनं पाहुणा ओळखला की माझ्या पोटात दुखायचं.

परीक्षा जवळ आली तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी आईनं कडप्प्यावर एक वाक्य लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं.

“दॅट दि ओल्ड किंग, हूम हिज मिनिस्टर्स, फिअरिंग द पीपल मोर दॅन दे लव्ह्ड हिम, हॅड केप्ट इग्नोरंट ऑफ द वॉर, स्लेप्ट साउंडली, सरप्राइज्ड नो वन.”

म्हातारा राजा. त्याचे मंत्री, ज्यांना राजाच्या प्रेमापेक्षा लोकांची भीती जास्त. त्यांनी राजाला लढाईची गंधवार्ता लागू दिली नव्हती. मी खुर्चीत बसून क्षणात उत्तर काढलं. यजमान राजा, कार्य झोपणं. बाकी पाहुणे. सुटलं.

“राजा झोपला,” शालन आतून म्हणाली.

तिनंही तेच काढलं म्हणून मला उगाचच चीड आली.

“बरं,” आई म्हणाली. “मग ‘सरप्राइज्ड नो वन’ कुणाचं? ते मांडवात कुणाबरोबर आलं?”

मी पुस्तकावरून मान वर केली. माझा राजा झोपला होता आणि दोन-तीन शब्द दाराबाहेर उभे होते. त्यांना कुणी आत घेईना.

आई थांबली. शालन कडप्प्याकडे बघत होती, मी कडप्प्याकडे बघत होते. कुकरची शिट्टी झाली तरी आई उठली नाही. मग तिनं सगळं वाक्य पहिल्यापासून परत वाचलं. अगदी हळू, एकेक शब्द जमिनीवर ठेवावा तसं.

“आत्या,” शालन म्हणाली, “हितं यजमान एकटा न्हाई. राजा झोपला, ही अख्खी गोष्टच यजमान. पुढं ‘दॅट’ बसलाय न्हवं, त्यानं सगळं घर एका पदराखाली घेतलंय. आणि आश्चर्य कुणाला वाटलं न्हाई, ते कार्य.”

आईनं शालनच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात ओवाळले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. कडाकडा. ही तिची दृष्ट काढायची रीत. माझ्यासाठी तिनं ती शेवटची कधी केली होती, मला आठवेना.

मी ताडकन उठले आणि दारात जाऊन उभी राहिले. “तुला तीच लेक बरी आहे. मला कशाला ठेवलंयस घरात? मीच मामाकडे जाऊन राहते.”

शालन खाली मान घालून ओलं बोट कडप्प्यावरून फिरवायला लागली. आई उठली, मला मधल्या खोलीत ओढत आणलं आणि दार लोटून घेतलं.

“ऐक. मामानं एका अटीवर पाठवलंय तिला. पास झाली तर शिकेल, नाहीतर कवठ्याचं स्थळ धरून ठेवलंय. तू नापास झालीस तर पुढच्या वर्षी परत परीक्षेला बसशील. ती नापास झाली तर बोहल्यावर बसेल. एवढं ध्यानात ठेव आणि मग काय बोलायचं ते बोल.”

शालनची कणव वाटायला हवी होती, आणि वाटलीसुद्धा थोडी. पण मनातलं विष काही उतरलं नाही. वाटलं, मलाही कुणीतरी बोहल्यावर बसवायची भीती घालायला हवी होती. मग आई माझ्याकडे बघत बसली असती.

परीक्षेला आम्ही दोघी अप्पांबरोबर कोल्हापूरला गेलो. निघताना आईनं दोघींच्या हातावर दही घातलं. आधी शालनच्या.

पेपर हातात आला आणि पहिल्याच उताऱ्यात माझी गाडी रुतली. एवढं मोठं वाक्य, की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरावी. माझ्या सवयीनं मी धडाधड उत्तराला हात घातला आणि थांबले. दोन-चार शब्द दाराबाहेर उभे होते. आणि मला आईचा आवाज आला, तो मोठा, गल्लीभर जाणारा आवाज. ‘मांडवात कुणाबरोबर आलं? सावकाश.’ ते सावकाश माझ्यासाठी नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी ते उचललं. वाक्य परत पहिल्यापासून वाचलं. पाहुणे एकेक करून बाहेर गेले. मग पुढचं वाक्य, मग त्यापुढचं. जे जे मी दारात बसून जळत जळत ऐकलं होतं ते सगळं हाताशी येऊन उभं राहिलं. वरून माझा मूळचा झपाटा होताच. घंटा व्हायच्या आत माझा पेपर संपला होता.

बाहेर शालन पिंपळाच्या पारावर बसली होती. पांढरीफटक.

“अवघड होतं?” मी विचारलं.

“न्हाई गं. सगळं येत हुतं,” ती म्हणाली. “एकेका पाहुण्याला नीट पोचवीत बसले. बघते तर पेपर निम्माच झालेला आणि बाई गोळा करायला लागल्या. वेळाचं आत्या कधी बोललीच न्हाई मला.”

निकाल आला. मी पास झाले. शालन नाही.

आई देवापुढे साखर ठेवून आली, माझ्या तोंडात घातली, आणि मग शालनला कुशीत घेऊन इतकी रडली, की माझ्या तोंडातली साखर कडू झाली. निकाल माझा आणि कूस तिची. मी खिडकीशी उभी राहून रस्त्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मामा आले, शालनला न्यायला. कवठ्याची माणसं खोळंबली होती. आईनं त्यांना चहासुद्धा आधी दिला नाही.

“एक वर्ष ठेव माझ्याकडे.”

“ताई, तुझी पोरगी लागली मार्गी. माझीचं काय? अजून वर्षानं तिला कोण बघायला येतंय?”

“चूक तिची नाही. माझी आहे.”

“तुझी कशी?”

आई यावर बोलली नाही. मग म्हणाली, “विदू चालली. मला घरात एक मुलगी लागते. भाऊबीज म्हणून मागते, समज. आजवर कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे.”

बहिणीनं असं मागितल्यावर भाऊ काय बोलणार? मामा चहा घेऊन एकटेच परत गेले. कवठ्याला नकार कळवायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं. शालन स्वयंपाकघरात भांडी लावत होती, तिच्या हातातून एक वाटी पडली आणि किती तरी वेळ फरशीवर गरगरत राहिली. मी मात्र एकाच वाक्याशी अडकले होते. मला घरात एक मुलगी लागते. म्हणजे मी अजून उंबरा ओलांडला नव्हता आणि माझी जागा भरली होती.

मी निघाले त्या दिवशी सगळे स्टँडवर आले. मिरजेला जायचं आणि तिथून पुढं रेल्वे. अप्पा मला पोचवायला येणार होते, ते टपावर ट्रंक चढवत होते. आई पलीकडे फळांच्या गाड्यावर घासाघीस करत होती. मी खिडकीत बसले होते आणि शालन खाली उभी होती, खिडकीची दांडी धरून. माझ्याच जुन्या सलवार-कमीजमध्ये. तेही आईनं मला न विचारता तिला दिलं होतं.

“विदे, एक सांगू? राग धरू नको,” ती म्हणाली.

“बोल.”

“तू चाललीस ते बरं झालं.”

एवढ्या दिवसांत ती मला उलटून एक शब्द बोलली नव्हती.

“आता तरी आत्या माझ्याकडं बघून शिकवंल.”

“आता तरी? दिवसरात्र तुलाच तर शिकवत होती. मला कधी हाक मारली तिनं?”

“हाक मारून तू येणार हुतीस व्हय?” शालन हसली, पण हसू काही डोळ्यांत पोचलं नाही. “लेकी बोले सुने लागे म्हणत्यात न्हवं, तशातली गत. भाचीला शिकवायचं आणि लेकीनं शिकायचं. वाक्य मला विचारायची, पण डोळा सगळा दाराकडं. एवढाली अक्षरं माझ्यासाठी हुती? मला कळलेलं असायचं, मी उत्तर द्यायला तोंड उघडायची, तेवढ्यात तुझी खुर्ची वाजायची. की आत्या परत पहिल्यापासनं वाचायची. हळूहळू, तुला ऐकू जाईल असं. मी आपली तोंड मिटून बसायची.”

मोरीजवळून ओढून आणलेला कडप्पा मला दिसत होता. दारासमोर, बरोब्बर माझ्या खुर्चीच्या नजरेत.

“लई जळायची मी तुझ्यावर,” शालन म्हणाली. “तू आत बसून पुस्तक उलटं धरायचीस आणि तरी सगळं तुलाच. कधी कधी वाटायचं, उठावं आणि ते दारच लावून घ्यावं.”

“मग लावलं का नाहीस?”

शालननं खिडकीची दांडी सोडली.

“दार लावलं असतं, तर आत्यानं शिकवायचंच थांबवलं असतं.”

तेवढ्यात आई केळी घेऊन आली. पिशवी खिडकीतून माझ्या मांडीवर टाकली, पोचल्यावर काय काय करायचं ते परत सांगितलं. मला तिला खूप काही विचारायचं होतं. मी म्हणाले, “केळी पिकलेली दिसतायत.” ती म्हणाली, “मिरजेपर्यंत संपव.” कंडक्टरनं घंटी मारली.

गाडी वळेपर्यंत मी मागे बघत होते. आईनं एक हात शालनच्या खांद्यावर ठेवला होता आणि दुसरा वर करून हलवत होती. शालन हात हलवत नव्हती. ती मान वळवून आईच्या तोंडाकडे बघत होती, आई कुठं बघतेय ते.